यंत्रयुग आणि ख्रिस्ती गृहसंस्कार : मनमाडच्या निमित्तानें कांहीं साधनांचा विचार

मनमाड हें गांव इतिहाससंशोधकांच्या टिपणांत सहसा आढळत नाहीं. जवळच अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आहेत, त्या डोंगरांत जैन लेणीं आहेत. संशोधक मनमाडास उतरतो तो तिकडे जाण्याकरितां, आणि परत येतो तो गाडी पकडण्याकरितां. परंतु या गांवाचा स्वतःचा असा एक इतिहास आहे, आणि तो लोहमार्गाचा इतिहास आहे. १ जानेवारी १८६५ रोजीं थळघाटांतील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईशीं या बाजूचा अखंड संबंध जडला. १८७८ सालीं धोंड-मनमाड रस्ता होऊन नगरकडील प्रदेश त्यास जोडला गेला. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यांतून येणारा मीटर मापाचा मार्गहि येथेंच येऊन मिळाला. पुढें रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना निघाला, आणि पुलांचीं लोखंडी कामें येथें घडूं लागलीं. अशा रीतीनें अवघ्या पस्तीस वर्षांत एका साध्या गांवाचें जंक्शन झालें.

या जंक्शनांत जीं कुटुंबें नोकरीनिमित्त येऊन राहिलीं, त्यांत ख्रिस्ती कुटुंबेंहि होतीं : कोणी नगरकडील मराठी, कोणी नाशिककडील, कोणी गोमंतकीय, कोणी अँग्लोइंडियन. चर्च मिशनरी सोसायटीचें कार्यहि येथें होतें. प्रस्तुत लेखाचा विषय ह्या कुटुंबांच्या एका जुन्या चिंतेचा आहे. चाकांच्या वेगानें बदलणाऱ्या जगांत मुलांस श्रद्धा कशी द्यावी, ही ती चिंता. आज हातांतल्या मोबाइलविषयीं आईबाप जें बोलतात, तेंच थोड्याफार फरकानें पूर्वीं छापील कादंबरीविषयीं, आगगाडीविषयीं, सिनेमाविषयीं बोललें गेलें आहे. म्हणून हा प्रश्न केवळ धर्मोपदेशकांचा नसून इतिहासाच्या अभ्यासकांचाहि आहे, असें आम्ही समजतों. आणि त्याचें उत्तर शोधण्यास लागणारीं साधनें आमच्या वाचकांच्या, म्हणजे जुनीं दप्तरें व पोथ्या जमविणारांच्या, हातचीं आहेत.

यंत्रामुळें श्रद्धा जाते, असा एक पक्ष आहे. यंत्रामुळेंच श्रद्धा पसरते, असा दुसरा. दोन्ही पक्ष यंत्राकडे पाहतात, घराकडे पाहत नाहींत. साधनें तपासलीं असतां तिसरीच गोष्ट निघते, असें आमचें मत आहे. ती आम्ही कालक्रमानें मांडतों. आणि त्याकरितां आरंभ मनमाडास न करितां गोव्यास करावा लागतो, कारण मराठी भाषेच्या ख्रिस्ती घरांत पहिलें यंत्र आलें तें तेथें.

गोव्यास मुद्रणयंत्र १५५६ सालीं आलें. त्याच्या आधींच, १५४२ पासून, फ्रान्सिस झेविअर रस्त्यारस्त्यांतून हातांतील घंटा वाजवीत मुलांस प्रश्नोत्तरीसाठीं गोळा करीत असत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढें फादर थॉमस स्टीफन्स यांचें ओंवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ त छापून निघालें. त्याचीं पुनर्मुद्रणें १६४९ व १६५४ सालीं झालीं. त्यांचीच कोंकणी भाषेंतील प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ त रायतूर येथें छापली गेली. पुराणाच्या आरंभीं जो प्रसंग योजला आहे तो आमच्या विषयास फार जवळचा आहे. नवख्रिस्ती श्रोता पाद्रीस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तर सुटलीं. आतां त्यांच्या जागीं आम्हीं काय वाचावें? प्रश्नोत्तरीनें सिद्धान्त पाठ होतो, पण संध्याकाळीं घरांत म्हणावयास कांहीं तरी लागतें, हें त्या श्रोत्यानें ओळखलें होतें. स्टीफन्सनें तें मान्य केलें, आणि ग्रंथ लिहिला तो ओंवींत, म्हणजे मराठी घरास गळ्यांतून परिचित असलेल्या छंदांत. मात्र तो छापला गेला रोमन लिपींत, कारण नागरी खिळे तेथें नव्हते.

आतां पुढील हकीकत पोथ्या जमविणारांनीं विशेष लक्षांत घ्यावी. १६७४ नंतर गोव्यांतील मुद्रण थांबलें, तें १८२१ पर्यंत पुन्हा सुरू झालें नाहीं. मध्यंतरीं, २७ जून १६८४ रोजीं, व्हाइसरॉयनें आज्ञापत्र काढून लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असें ठरविलें. म्हणजे यंत्र मुकें झालें आणि भाषेवरहि बंदी आली. ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ वांचला! वांचला तो हातांनीं उतरलेल्या पोथ्यांमुळें. आणि पोथ्या उतरल्या गेल्या त्या घराघरांतून व देवळांतून तो म्हटला जात होता म्हणून. गोवा सोडून कानडा प्रांतांत गेलेल्या कुटुंबांनीं तो बरोबर नेला. १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांनीं मंगळूर येथें तो छापला, तो अशा रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून. पुढें १९२३ त जस्टिन अ‍ॅबट यांनीं लंडन येथील मार्सडेनच्या संग्रहांतील देवनागरी हस्तलिखित उजेडांत आणिलें. त्या पोथींत रोमन प्रतींतील पोर्तुगीज पारिभाषिक शब्दांच्या जागीं संस्कृतोद्भव शब्द आहेत. मूळ पाठ कोणता, याचा वाद येथें करावयाचा नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, छापील तीन आवृत्त्या काळाच्या उदरांत गेल्या आणि घरांत म्हटली जाणारी पोथी राहिली.

संस्कृताच्या अभ्यासकास यांत नवल वाटणार नाहीं. लेखनकला माहीत असतांहि वेद राखले गेले ते पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा पठणपद्धतींनीं, गुरूच्या मुखांतून शिष्याच्या मुखांत. ग्रंथाचें रक्षण पत्र्यापेटींत होतें असें आपण संग्राहक समजतों; पण पेटींत कोणती पोथी जावी हें आधीं कोणी तरी ती वाचून ठरविलेलें असतें.

गोव्याची साक्ष दूरची वाटल्यास आतां आपल्या नाशिक जिल्ह्याकडे येऊं. चर्च मिशनरी सोसायटीनें नाशिकास १८३२ पासून काम चालविलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. तेथें अनाथ मुलांस व गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस अक्षरें आणि हातचे धंदे हीं दोन्ही शिकवीत असत. नव्या युगांत मुलास उभें राहतां यावें आणि त्याची श्रद्धाहि टिकावी, असा हा दुहेरी बेत होता. त्याची कसोटी भलत्याच ठिकाणीं लागली. १ मे १८७३ रोजीं डॉ. लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेंतील एका खेड्यांत वारले. जवळ पाद्री नव्हता, देऊळ नव्हतें. नाशिकास शिकलेला जेकब वेनराइट हा तरुण तेथें होता. त्यानें प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली, झाडाच्या बुंध्यावर मृत्यूची नोंद कोरली, आणि सामानाची यादी लिहून ठेविली. पुढें शव घेऊन तो इंग्लंडास गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेंत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो एक होता. शरणपुरीं त्यास जें वाचन व लेखन मिळालें, तें त्याच्या अंगीं इतकें मुरलें होतें कीं देश, राजा आणि गुरु यांपैकीं कोणीहि जवळ नसतां तें उपयोगीं पडलें. मुलाच्या शिक्षणाचें मोजमाप याहून कठोर काय असावें?

तिसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. त्यांचें बाळपण अरण्यांत व तीर्थयात्रांत गेलें. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें आणि त्या मातेच्या मुखांतून रमाबाईंनीं भागवत पाठ केलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें रमाबाई व त्यांची कन्या मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापुढील वर्षांत मायलेकी कधीं एकत्र, कधीं समुद्राच्या दोन तीरांवर अशा राहिल्या. आगबोट आणि टपाल नसतें तर ही ताटातूट घडलीच नसती. आणि त्यांच्याविना ती सोसवलीहि नसती. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशीं रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, त्यांत मनोरमेस कोणता धर्मोपदेश द्यावा यावर मोठा मतभेद आहे. चर्चच्या अधिकाराचा आग्रह एकीकडे, आणि माझ्या मुलीस काय शिकवावें हें ठरविण्याचा हक्क मातेचा आहे, हा रमाबाईंचा निश्चय दुसरीकडे. मराठी ख्रिस्ती घरांतील बालसंगोपनाविषयीं याहून स्पष्ट कागद आम्हीं पाहिला नाहीं. हा पत्रसंग्रह १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला. आणि तो आपणांस मिळाला त्याचें कारण भगिनी जेराल्डीन यांनीं तीं पत्रें जपून ठेविलीं होतीं. ज्या व्यक्तीशीं वाद झाला तिनेंच पुरावा राखला, ही गोष्ट संग्राहकांनीं मनांत ठेवण्याजोगी आहे.

वादाचा शेवट कागदांत नव्हे, कृतींत झाला. मनोरमा आईच्या केडगांव येथील मुक्तिसदनांत येऊन राहिली आणि तेथील अंध स्त्रियांस तिनें ब्रेल लिपीनें वाचावयास शिकविलें. रमाबाईंनीं सोप्या मराठींत बायबलाचें भाषांतर केलें, आणि तें आश्रमांतील स्त्रियांनीं आपल्याच छापखान्यांत जुळविलें व छापलें. मनोरमा १९२१ त वारली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं. संपूर्ण बायबल बाहेर पडलें १९२४ सालीं. ज्या बाईनें लहानपणीं सारें तोंडपाठ केलें, तिनें मोठेपणीं खिळे हातीं घेतले, आणि तिच्या मुलीनें बोटांनीं वाचण्याची विद्या आणिली. एका घरांत तीन साधनें आलीं. त्यांत परस्परविरोध झाला नाहीं.

चौथी साक्ष रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, आणि येथें लोहमार्ग पुन्हा येतो. नागपुराहून राजनांदगांवाकडे जातांना आगगाडीच्या डब्यांत एका युरोपिअन गृहस्थाशीं त्यांचें बोलणें झालें आणि त्यानें त्यांस नवा करार दिला, ही हकीकत मराठी वाचकांस ठाऊक आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि घर दुभंगलें. लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू कित्येक वर्षें वेगळे राहिले. डब्यांतील एका भेटीनें जें घडलें तें घरांत रुजावयास पांच वर्षें लागलीं. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या विचारानें बाप्तिस्मा घेतला. पुढें टिळकांनीं अभंग व कीर्तन हीं जुनीं मराठी साधनें ख्रिस्तभक्तीस जोडलीं. त्यांच्या आधीं नगरचे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनीं हीच वाट धरली होती. टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ १९१९ त त्यांच्या मृत्यूनें अपुरें राहिलें, आणि तें पुरें केलें लक्ष्मीबाईंनीं, म्हणजे लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या एका बाईनें. दत्तू, म्हणजे देवदत्त नारायण टिळक, पुढें लेखक व संपादक झाले. आगगाडीनें पुस्तक दिलें. पिढी घडविली ती घरांतील गाण्यानें.

येथें कोणी म्हणेल कीं, हीं सारीं असामान्य माणसें. सामान्य फिटर, गार्ड किंवा पॉइंट्समनच्या घराचें काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून पुन्हा मनमाडास येतों. लोहमार्गाचा स्वभावच असा आहे कीं तो रविवार पाळीत नाहीं. गाडी अमुक वाजून अमुक मिनिटांनीं सुटावयाची, मग तो उत्थानाचा सण असो कीं नाताळची रात्र. बापाची पाळी कधीं दिवसाची, कधीं रात्रीची. बदलीचा हुकूम येतांच बिऱ्हाड उचलून दुसऱ्या स्टेशनाकडे. झेविअरची घंटा मुलांस बोलावीत होती. कारखान्याचा भोंगा बापांस बोलावूं लागला. अशा स्थितींत केवळ देवळावर विसंबणारी श्रद्धा मुलांपर्यंत पोंचणें कठीण. जें बदलींतहि ट्रंकेंत मावतें, म्हणजे एक बायबल, एक गीतांचें पुस्तक आणि म्हणणारा गळा, तेंच अशा घराचें खरें देऊळ होणार. हा आमचा तर्क आहे. पण तो नोकरीच्या स्वरूपावरून आणि वर दिलेल्या चार साक्षींवरून निघतो. उपासनासंगीत हें पुस्तक मराठी ख्रिस्ती घरांत इतकें झिजलेलें कां आढळतें, याचें उत्तर आम्हांस यांतच दिसतें.

यंत्राची बाजूहि न्यायानें सांगितली पाहिजे. तें कोणा एका धर्माचें बांधलेलें नसतें. १८४२ त अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ निघाला, तो ख्रिस्ती मताच्या प्रसारार्थ. पण त्याच कलेनें त्याचें खंडनहि छापलें गेलें. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत लहानपणीं काम शिकलेल्या जावजी दादाजींनीं पुढें निर्णयसागर काढला, आणि आमच्यासारख्यांनीं कालिदास व बाण वाचले ते त्याच्या सुबक टाइपांत. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९११ सालीं मुंबईस ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. त्यांतून १९१३ त ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. साधन ज्याच्या घरांत जातें त्याच्या घराचें होतें. म्हणून साधनास दोष देणें किंवा त्याची आरती करणें, दोन्ही व्यर्थ.

आजचें साधन मोबाइल. संपूर्ण मराठी बायबल त्यांत मावतें, गीतें मावतात, आणि इतर सारें जगहि मावतें. २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली, देवळें बंद झालीं, तेव्हां अनेक घरांत उपासना ह्याच पडद्यावरून आली. त्या वेळीं ज्या घरांत आधींपासून एकत्र प्रार्थनेची संवय होती तेथें पडद्याभोंवतीं कुटुंब बसलें. जेथें नव्हती तेथें प्रत्येकजण आपापल्या पडद्यापुढें बसला. छापील पुस्तक एक असलें तर सर्वांस एका दिव्याभोंवतीं बसावें लागतें. मोबाइल प्रत्येकास वेगळा दिवा देतो. आईबापांनीं भ्यावें तर यास भ्यावें. मुलाच्या हातीं काय आहे यापेक्षां, मुलाच्या कानीं कोणाचा आवाज पडतो, हें अधिक महत्त्वाचें; साडेचारशें वर्षांची साक्ष हेंच सांगते.

आतां कामाची गोष्ट. आपल्या मंडळानें बखरी, सनदा, ताम्रपट, महजर जमविले. जमवावे हें योग्यच. परंतु मनमाडसारख्या गांवांतील ख्रिस्ती घरांत जे कागद आहेत त्यांस कोणी कागद समजत नाहीं. बायबलाच्या कोऱ्या पानावर आजोबांनीं केलेली जन्म-बाप्तिस्म्यांची नोंद; हातानें उतरलेली गीतांची वही; बदलीच्या गांवाहून आईनें मुलास वसतिगृहांत पाठविलेलें पत्र; रविवारच्या शाळेंत मिळालेलें बक्षिसाचें पुस्तक; अलीकडच्या काळांतील भजनांच्या ध्वनिफिती. जुनें घर मोडतांना हें सारें रद्दींत जातें, कारण तेंच बायबल आतां मोबाइलमध्यें आहे, असें तरुण पिढीस वाटतें. ग्रंथ मोबाइलमध्यें आहे हें खरें. पण तें कोरें पान त्यांत नाहीं, आणि समासांत आजीनें ओढलेली पेन्सिलीची रेघहि नाहीं. ख्रिस्तपुराणाच्या छापील प्रती गेल्या तरी पोथ्यांनीं हात दिला. ह्या वह्या गेल्या तर मागें हात देणारें कोणी नाहीं.

यास्तव आमची संग्राहक मित्रांस विनंति आहे कीं, अशा घरीं जातांना वस्तु मागूं नये, आधीं नक्कल मागावी. मूळ कागद घरांतच राहूं द्यावा, कारण त्याचें काम अजून संपलेलें नाहीं. छायाचित्र घेतांना नुसतें पान घेऊं नये. तें कोण वाचीत असे, कोणत्या वेळीं, मुलें कोठें बसत, कोणतें गीत कोणत्या चालीवर म्हणत, हेंहि लिहून घ्यावें, आणि चाल शक्य तर ध्वनिमुद्रित करावी. ज्या मोबाइलची चिंता आपण करितों तोच येथें उत्तम लेखनिक होईल. त्यांतील नोंदी मात्र कागदावरहि उतरून ठेवाव्या. यंत्र मुकें होण्यास वेळ लागत नाहीं, हें रायतूरच्या छापखान्यानें आपणांस शिकविलेंच आहे. ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत त्या घरांपासून आरंभ करावा. लेखणी आणि वही एवढ्यावर हें काम होण्याजोगें आहे, आणि तें याच पिढीनें केलें पाहिजे.